ड्रायव्हिंग स्कूल निवडताना विचारा: ब्रेक कोणाच्या पायाखाली?

साताऱ्यातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलबद्दल लिहितेय. नाव देत नाही, कारण पुढे बरं-वाईट दोन्ही येणार आहे.

माझा डब्यांचा व्यवसाय आहे. दुपारचे डबे सदर बझार आणि एमआयडीसीकडे जातात. आजवर मुलगा दुचाकीवर पोचवायचा, तो नोकरीला पुण्याला गेला आणि मी जुनी वॅगन आर घेतली. वय ४६. नवऱ्याकडून शिकायचं नाही हे आधीच पक्कं होतं. माझ्या थोरल्या बहिणीने तो प्रयोग करून पाहिला होता, आणि त्यानंतर महिनाभर त्यांच्या घरात फक्त टीव्ही बोलत होता.

स्कूलची फी साडेपाच हजार. "लायसन्ससकट" हवं असेल तर साडेनऊ. वरचे चार हजार कशाचे, असं विचारलं तर उत्तर आलं, "ताई, तुम्हाला काही बघायला लागणार नाही." मला बघायचं होतं. लर्निंग लायसन्सचा अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर आधार क्रमांक टाकून घरबसल्या करता येतो, परीक्षाही तिथेच, आणि सरकारी शुल्क दोनशेच्या आसपास. चाळिशी ओलांडलेली असेल तर डॉक्टरांकडून फॉर्म १ए भरून घ्यावा लागतो, एवढाच काय तो हेलपाटा. लर्निंग सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. ज्याला मोबाइलवरून विजेचं बिल भरता येतं त्याला हे जमतं. ते चार हजार वाचवा, खाली सांगते कुठे घालायचे.

ऑफिस स्वच्छ, परवाना भिंतीवर लावलेला, फोन लगेच उचलतात, सकाळची गाडी वेळेवर दारात येते. या बाबतीत पैकीच्या पैकी. माझ्यासारख्या बाईला सकाळी साडेसहाला गाडी दारात हवी म्हणजे हवीच, आठला पोळ्या लाटायला बसावं लागतं.

आता वेळेचा हिशेब. पावतीवर लिहिलेलं असतं: एकवीस दिवस, रोज अर्धा तास. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये खासगी गाडी शिकणाऱ्यासाठी कमीत कमी एकवीस दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे कमीत कमी दहा तास सांगितलेत, त्यात हा आकडा कसाबसा बसवलेला आहे. पण त्या अर्ध्या तासात आधीच्या मुलाला घरी सोडायचं आणि पुढच्या काकूंना घ्यायचं, हेही धरलेलं असतं. स्टिअरिंग हातात वीस मिनिटं. म्हणजे दहाचे झाले सात तास. मी धंदा करते, मापात मारलेलं मला लगेच कळतं. प्रत्येक शिकाऊ माणसाने किती तास गाडी चालवली याची नोंद स्कूलने फॉर्म १५ च्या रजिस्टरमध्ये ठेवायची असते. ते दाखवा म्हटल्यावर मालक आधी हसले, मग चहा मागवला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझी वेळ पूर्ण मिळायला लागली. भांडण करावं लागलं नाही. फॉर्मचा नंबर माहीत असला की आवाज चढवायची गरज पडत नाही.

तुलनेसाठी सांगते. २०२१ साली सरकारने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे वेगळे नियम आणले. त्यात हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे, ८ तास वर्गात आणि २१ तास गाडीवर, आणि तिथून उत्तीर्ण झालं की आरटीओची चाचणी माफ. कुठे २१ आणि कुठे ७!

पण हा परिच्छेद-दीड परिच्छेदाचा विषय आहे. खरी गोष्ट पायांची.

स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. तो असायलाच हवा, त्याशिवाय गाडी शिकवायला बाहेर काढूच नये. मला सुरुवातीला जे सर दिले होते, ते तरुण होते, बोलायला गोड, मोबाइलवर रील बघत बघत "ताई, भारी चालवताय" म्हणणारे. आणि खरंच भारी चालत होती. पोवई नाक्याच्या गर्दीत गाडी एकदाही बंद पडत नव्हती. कर्मवीर पथावरून राजपथावर चढणाऱ्या गल्ल्या ज्यांना माहीत आहेत त्यांना कळेल, तिथे नवशिक्याची गाडी बंद पडलीच पाहिजे. माझी पडत नव्हती. घरी सांगत होते, मला हात आहे गाडीचा.

एके दिवशी आधीच्या मुलाचा तास लांबला आणि मी मागच्या सीटवर बसून होते. त्याच चढावर गाडी थांबली, निघाली, काही धक्का नाही. मी सहज पुढे वाकले तर सरांचा डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर. तो मुलगा फक्त स्टिअरिंग धरून अॅक्सिलरेटर देत होता. अवघड काम सगळं शेजारी चाललं होतं, आणि कौतुक मात्र त्याचं होत होतं. म्हणजे माझंही असंच.

यात सरांचा दुष्टपणा नाही. गाडी बंद पडली की मागचे हॉर्न वाजवतात, गिऱ्हाईक घाबरतं, वेळ जातो, पुढच्या काकू फोन करतात. शेजारून क्लच दाबणं हा सगळ्यात सोपा उपाय. पण पैसे मी भरलेत आणि शिकतोय सरांचा पाय.

मी माणूस बदलून मागितला. या स्कूलला मी साडेतीन तारे देतेय, त्यातले दोन एकट्या या दुसऱ्या माणसाचे आहेत. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, सगळे त्यांना मामा म्हणतात. महाबळेश्वरच्या घाटात आयुष्य गेलेलं. बोलणं कमी, कौतुक अजिबात नाही. त्यांची एकच पद्धत होती: स्वतःचा ब्रेक किंवा क्लच दाबला की मोठ्याने सांगायचे, "हा माझा." दाबला नाही तर गप्प. पहिल्या दिवशी घरापासून राजवाड्यापर्यंत "हा माझा, हा माझा" एवढंच ऐकलं. मला वाटलं होतं मी गाडी चालवते, तेव्हा कळलं की मी गाडीत बसते.

मग त्यांनी एका रिकाम्या चढावर नेलं आणि अॅक्सिलरेटरला हातच, म्हणजे पायच, लावू दिला नाही. नुसता क्लच हळूहळू सोडायचा आणि गाडी जिथे थरथरते, बॉनेट किंचित उचलल्यासारखं होतं, तिथे थांबायचं. त्याला हाफ क्लच म्हणतात हे पहिल्या सरांनीही सांगितलं होतं, पण सांगितलं होतं, दाखवलं नव्हतं. पोळी तव्यावर कधी उलटायची हे जसं घड्याळात बघून कळत नाही, तसंच ते आहे. एकदा तळपायाला कळलं की मग हँडब्रेक ओढून ठेवायचा, क्लच त्या जागेवर आणायचा, थोडा अॅक्सिलरेटर, हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे एक इंचही जात नाही. मामा म्हणाले, "आता मागं टँकर असला तरी असू दे."

शेवटच्या आठवड्यात "हा माझा" दिवसाकाठी एखाद-दुसऱ्यांदा यायचं, तेही रिक्षावाल्यांच्या कृपेने.

आरटीओच्या चाचणीबद्दल जास्त लिहीत नाही. आठचा आकडा, रिव्हर्स, चढावर थांबून निघणं. मैदानावर समोरून कोणी येत नाही, गाय बसलेली नाही, मागे हॉर्न नाही. हाफ क्लच येत असेल तर पुरे. ज्यांचे पाय स्कूलमध्ये आयते वाचले, ते बिचारे चढावर अडकताना दिसतात. मी पास झाले, लायसन्स पोस्टाने घरी आलं.

आणि इथे स्कूलबद्दलची माझी मोठी तक्रार. त्यांचा कोर्स इथे संपतो. त्यात हायवे नाही, रात्र नाही, पाऊस नाही, घाट तर नाहीच. साताऱ्यात राहून घाट न शिकवणं म्हणजे काय म्हणावं? या गावातून तुम्ही वर कासला निघालात तर यवतेश्वरचा घाट, महाबळेश्वरला निघालात तर केळघर किंवा पसरणी, पुण्याहून परत आलात तर खंबाटकी. लायसन्स खिशात असलेल्या माणसाला घाट आणि हायवे दोन्ही टाळून सरळ जायचं तर कोरेगावसारखी एखादीच बाजू उरते.

म्हणून वाचवलेले चार हजार मी मामांना दिले, म्हणजे स्कूललाच दिले, "स्वतःच्या गाडीवर सराव" या नावाखाली. तासाला चारशे. मालकांनी खळखळ न करता हे मान्य केलं, हेही लिहून ठेवते. ही सेवा त्यांच्या फलकावर कुठेही लिहिलेली नाही, विचारावं लागतं. सगळ्यात चांगला माल यांनी मागच्या खोलीत का ठेवलाय, देव जाणे.

माझ्या वॅगन आरमध्ये मामांना पेडल नव्हतं. ते बसले, सीट मागे घेतली, आणि उजवा हात हँडब्रेकवर ठेवला. समर्थ मंदिरावरून यवतेश्वरच्या घाटाला लागलो तेव्हा दोघंही बोलत नव्हतो. मला घाम आला होता हे खरं, पण त्यांनाही आला होता, मी पाहिलं.

घाटात त्यांनी जे शिकवलं ते कुठल्याही रिव्ह्यूत वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते. वळणावर आपली बाजू सोडायची नाही, रस्ता रिकामा दिसला तरी. आतल्या अंगाने वळण कापायचा मोह होतो आणि नेमकी तेव्हाच समोरून जीप येते. आंधळ्या वळणाआधी हॉर्न, वळणात गिअर बदलायचा नाही, आधीच खालचा टाकून घ्यायचा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा लर्निंगच्या परीक्षेतला प्रश्न आहे, तिथे मी बरोबर उत्तर दिलं होतं, पण का ते घाटात कळलं: चढणारा एकदा थांबला की त्याला पुन्हा हाफ क्लचचं सगळं प्रकरण करावं लागतं, उतरणाऱ्याला नुसता ब्रेक सोडायचा असतो. आणि उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे जे हुशार असतात त्यांच्याबद्दल मामांनी वापरलेले शब्द इथे लिहिता येणार नाहीत. ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजिन गाडीला धरून ठेवतं. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात, वास येतो, आणि मग लागायचे तेव्हा लागत नाहीत. मला त्यांनी दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण उचलून उतरायला लावलं. गाडी खरोखर स्वतःला आवरते.

कासला फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी मात्र शिकायला जाऊ नका. त्या गर्दीत मामाही जात नाहीत.

कोरेगाव रस्त्याचा तास संध्याकाळी घेतला, मुद्दाम. संगम माहुली ओलांडली की ऊस. हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. नवशिका ओव्हरटेक करायला निघतो, ट्रॉली संपली असं वाटतं, आणि पुढे अजून एक असते. मामांचा नियम: पुढचा रस्ता ट्रॅक्टरच्याही पुढे बराच लांबपर्यंत मोकळा दिसत नसेल तर उसामागे मुकाट चालायचं, कोरेगाव कुठे पळून जात नाही. मी आता वाघ्या घेवडा आणायला त्याच रस्त्याने जाते आणि बऱ्याचदा ट्रॉलीमागेच असते. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

हायवेवर ते मला घेऊन गेले नाहीत. म्हणाले, आधी सहा महिने गावात आणि घाटात चालवा, मग या. या "मग या"साठी स्कूलकडे काहीच योजना नाही. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याच्या बाजूला उतरतानाचं ते वळण अजून मी भाऊ शेजारी असल्याशिवाय घेत नाही.

ऑटोमॅटिक गाडी घ्या म्हणजे हे क्लचचं झंझट नाही, असं मला निम्म्या गावाने सांगितलं. बायकांनाच का सांगतात कोण जाणे. जुन्या बाजारात माझ्या बजेटात मिळाली नाही, हे खरं कारण. मिळाली असती तर घेतलीही असती.

तर साडेतीन तारे. वेळेवर येतात, हिशेब मागितला तर देतात, आणि मामा आहेत. दीड तारा कापला तो चोरलेल्या दहा मिनिटांसाठी, त्या शेजारून दाबल्या जाणाऱ्या पेडलसाठी आणि घाटाआधीच संपणाऱ्या कोर्ससाठी. नाव लावायच्या आधी एक दिवस मागच्या सीटवर बसायची परवानगी मागा. समोरच्या रस्त्याकडे बघू नका, शिकवणाऱ्याच्या पायांकडे बघा. सकाळची पहिली बॅच घ्या, सव्वासातनंतर शाळेच्या रिक्षा सुरू होतात. आणि मामा बुधवारी येत नाहीत, त्या दिवशी दुसरं कोणी पाठवलं तर तास पुढे ढकला.