कराराने वासरे वाढवण्याची सेवा: तीन बॅचनंतरचा अभिप्राय

एका कंपनीशी करार करून मी तिची वासरे सलग तीन बॅचमध्ये वाढवली. त्याआधी अनेक वर्षे त्याच गोठ्यात आणि त्याच माणसांच्या मदतीने मी स्वतःच्या गाईंची वासरे सांभाळत होतो. त्यामुळे कंपनीचे नाव न घेता, तिच्या सेवेबद्दलचा हा अभिप्राय मी दोन्ही पद्धती शेजारी ठेवून लिहीत आहे.

कराराची मांडणी साधी आहे. कंपनी साधारण आठवडाभराची वासरे आणून देते, दुधाची पावडर, काफ स्टार्टर (वासरांचा सुरुवातीचा खुराक) आणि लसी पुरवते, ठरलेल्या दिवशी पशुवैद्य पाठवते आणि बारा आठवड्यांनी वासरे परत नेते. गोठा, पाणी, अंथरूण आणि राबणे आपले असते. मोबदला वाढलेल्या वजनावर मिळतो आणि ठरावीक मर्यादेपलीकडे मरतूक झाली, तर त्यातून कपात होते.

या व्यवस्थेने मला शिस्त लावली, हे मी मनापासून मान्य करतो. पूर्वी मी वासराची वाढ नजरेने जोखत असे. कराराखाली दर आठवड्याला वजन घ्यावे लागले आणि आपली नजर किती फसते ते कळले. दूध प्रत्येक वेळी 39 अंशांच्या आसपास गरम असावे, पावडरीचे प्रमाण मोजून घ्यावे, पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ पाणी समोर असावे, या गोष्टी कागदावर लिहून दिलेल्या होत्या आणि त्या पाळल्या की नाही, हे पाहायला माणूस येत असे. भांडवल अडकत नाही, ही दुसरी मोठी सोय. स्वतःची कालवड पहिल्यांदा विते ती सुमारे दोन वर्षांनी, आणि तोपर्यंत ती फक्त खात असते.

परंतु वासराचे नशीब बऱ्याच अंशी जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी ठरते, आणि तो दिवस माझ्या गोठ्यात उगवतच नाही. गाईच्या गर्भाशयातून वासराला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळावी लागतात. ती अखंड शोषून घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते आणि 24 तासांत जवळजवळ संपते. म्हणून 40 किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत सुमारे 4 लिटर चांगला चीक पाजावा लागतो. हे काम जिथे वासरू जन्मले तिथल्या माणसाने केले किंवा टाळले, तरी त्याचा परिणाम पुढे भोगतो तो करार करणारा शेतकरी.

दुसऱ्या बॅचमध्ये हेच घडले. अनेक गोठ्यांतून गोळा केलेली, लांबचा प्रवास करून थकलेली वासरे आली आणि चौथ्या दिवशी हगवण सुरू झाली. मी आणि घरच्यांनी रात्री जागून क्षार आणि ग्लुकोजचे पाणी पाजले. तरीही सहा वासरे गेली. ती सगळी मरतूक माझ्या नावावर लिहिली गेली. जनावर डोळ्यांदेखत जाण्याचे दुःख एकीकडे, आणि जी चूक आपली असल्याचा काहीच पुरावा नाही तिची कपात सोसणे दुसरीकडे. करारातील ही तरतूद मला आजही अन्यायाची वाटते.

तिसऱ्या बॅचच्या वेळी मी अडून बसलो. वासरे उतरवताच पशुवैद्याने प्रत्येकाचे रक्त घ्यावे आणि रक्तद्रवातील प्रथिने 5.1 ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी भरलेल्या, म्हणजे पुरेसा चीक न मिळालेल्या वासरांची मरतूक माझ्या हिशेबात धरू नये, अशी अट मी घातली. कंपनीने थोड्या कुरबुरीनंतर ती मान्य केली, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवे.

दूध तोडण्याबाबत मात्र ती अजून ऐकत नाही. 56 व्या दिवशी सरसकट दूध बंद होते. वासरू सलग तीन दिवस रोज किलोभर खुराक खाऊ लागले की दूध तोडावे, हा माझा स्वतःच्या गोठ्यातला नियम आहे, कारण खुराक आंबून तयार होणाऱ्या आम्लांमुळेच कोटीपोटाच्या (गुरांच्या पहिल्या, मोठ्या पोटाच्या) आतल्या अस्तराची वाढ होते. कॅलेंडर पाहून ते पोट तयार होत नाही. अशक्त वासराला आठवडाभर जास्त दूध देण्याची मोकळीक केवळ स्वतंत्रपणे वासरे वाढवण्यात आहे.

एका बाबतीत करार उजवा ठरतो आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. बॅच गेली की गोठा पूर्ण रिकामा होतो; धुऊन, उन्हात वाळवून आठवडाभर तसाच ठेवता येतो. हगवण लावणारे क्रिप्टोस्पोरिडियमसारखे जंतू बहुतेक जंतुनाशकांना दाद देत नाहीत, पण कोरडेपणापुढे टिकत नाहीत. स्वतःच्या गाई वर्षभर वितात, मोठ्या वासरांशेजारी नवजात येते आणि रोगाची साखळी तुटतच नाही.

चौथ्या बॅचचा करार मी रक्ततपासणीच्या त्याच अटीवर केला आहे. माझ्या कालवडी आता वेगळ्या छपरात आहेत; सकाळी दूध आधी त्यांना पाजले जाते, मग बूट बदलून आम्ही कंपनीच्या वासरांकडे जातो.