अळिंबीच्या वाणाची डीएनए तपासणी: सेवेचा अनुभव

लातूर परिसरात सोयाबीनच्या भुसकटावर धिंगरी अळिंबी घेणाऱ्यांना कमी बीजाणू सोडणारे उत्परिवर्तित (जनुकांत बदल झालेले) वाण फार मोलाचे वाटते, कारण बंद खोलीत उडणाऱ्या बीजाणूंमुळे काढणी करणाऱ्यांना खोकला आणि दम्यासारखा त्रास होतो. विकत घेतलेले स्पॉन (अळिंबीचे बियाणे) नेहमीच्या वाणापेक्षा खरोखर वेगळे आहे का, हे पाहण्यासाठी आम्ही दोन्हींचे नमुने एका खासगी प्रयोगशाळेकडे दिले. तिने आयएसएसआर मार्कर (डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांच्या मधल्या भागांवरून वाणांतला फरक दाखवणाऱ्या खुणा) वापरले, हे योग्यच झाले. डीएनएच्या आयटीएस नावाच्या भागावरून प्रजाती कळते, पण एकाच प्रजातीतले जवळचे वाण बहुधा वेगळे करता येत नाहीत. जेलच्या (डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करून पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या थराच्या) छायाचित्रात नेहमीच्या वाणातली एक पट्टी नव्या वाणात नव्हती आणि पुन्हा केलेल्या पीसीआरमध्येही (डीएनएच्या तुकड्यांच्या असंख्य प्रती करण्याची पद्धत) तोच फरक दिसला, ही बाब मला सर्वांत विश्वासार्ह वाटली. अहवालातली एक उणीव मात्र खटकली: पट्टीतला फरक म्हणजे बीजाणू कमी करणारे जनुकच सापडले असे नव्हे, आणि एखादे लहान उत्परिवर्तन या मार्करना दिसतही नाही, हे ग्राहकाला स्पष्ट सांगायलाच हवे होते. तरीही स्पॉन विकणाऱ्यांनी ही तपासणी जरूर करून घ्यावी. सोबत फळधारणेची चाचणी लावून, म्हणजे प्रत्यक्ष अळिंबी उगवून, छत्रीखाली काळा कागद ठेवून बीजाणूंचा ठसाही पाहावा.