फाबर्जे की कार्टिए? मिन्याची जुनी सोन्याची सिगारेट केस घेण्याआधी

सिगारेट ठेवायला डबी हवी असेल तर दोन्ही विसरा. शंभर वर्षांपूर्वीच्या सिगारेटी आखूड होत्या. आजची लांब सिगारेट त्यांत बहुधा मावत नाही. संग्रहासाठी घेत असाल, तर मात्र प्रश्न खरा: 1917च्या क्रांतीपूर्वी रशियाच्या झारसाठी घडवणाऱ्या फाबर्जे या जवाहिऱ्याची, की 1920च्या दशकातली पॅरिसच्या कार्टिए या जवाहिऱ्याची?

मिन्यात माझा कौल फाबर्जेला. सोन्यावर यंत्राने लाटांसारख्या किंवा किरणांसारख्या बारीक रेघा कोरायच्या, वर पारदर्शक मिन्याचा एकेक थर देऊन 700-800 अंश सेल्सिअसला भाजायचा, मग घासून आरसा करायचा. डबी कलती केली की आतल्या रेघा हलतात. कार्टिएच्या त्या दशकातल्या डब्या बहुतेक अपारदर्शक काळ्या, कडेला पोवळं, जेड (हिरवट खडा) किंवा हिरे. रुबाबदार, पण नजर पृष्ठभागावरच थांबते.

कस बघून बिचकू नका. रशियन शिक्क्यातला 56 म्हणजे 14 कॅरेट, 72 म्हणजे 18. पॅरिसचा गरुडमुखी शिक्का 18 कॅरेटचा. बावीसची सवय असलेला आपला माणूस चौदावर नाक मुरडेल, पण इथे मोल वजनाचं नाही.

मालकांच्या गोष्टीतही फाबर्जे पुढे, कारण या डब्या भेट द्यायलाच घेतल्या जात. 1908 साली मॉस्कोत घडलेली निळी डबी अ‍ॅलिस केपेलने ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याला दिली. तिच्यावर स्वतःची शेपटी तोंडात धरलेला हिऱ्यांचा साप आहे, अखंड प्रेमाची खूण. केपेल राजाची प्रेयसी. 1910 मध्ये राजा गेल्यावर त्याची पत्नी राणी अलेक्झांड्राने ती डबी केपेललाच आठवण म्हणून परत दिली (मोठ्या मनाने की टोमणा म्हणून, तुम्हीच ठरवा). 1936 मध्ये केपेलने ती राजाची सून राणी मेरीला दिली, आणि आज ती ब्रिटनच्या राजसंग्रहात आहे. बँकर लिओपोल्ड डी रॉथ्सचाइल्डची तऱ्हा निराळी: आपल्या रेसच्या घोड्यांचे रंग, गडद निळा आणि पिवळा, फाबर्जेकडून वस्तूंवर पट्ट्यापट्ट्यांनी चढवून तो मित्रांना वाटायचा. तिथे मालकाची ओळख मिन्यातच भाजलेली.

म्हणूनच फाबर्जेत फसायची भीतीही मोठी. खोट्या शिक्क्यांचा माल इतका की व्यापारात त्याला ‘फोबर्जे’ (फ्रेंचमध्ये ‘फो’ म्हणजे खोटं) असं नावच पडलंय. रशियन शिक्क्यातलं बाईचं डोकं 1908पर्यंत डावीकडे पाहतं, नंतर उजवीकडे. विक्रेता 1900 सांगतोय आणि बाई उजवीकडे बघतेय, तर उठा. कार्टिएवर बहुधा क्रमांक असतो, त्यामुळे शहानिशेला निदान एक धागा मिळतो.

टवका उडालेली डबी, मालक कितीही मोठा असो, मी घेणार नाही. पुन्हा भाजायला गेलं तर शाबूत मिनाही तडकू शकतो, म्हणून दुरुस्त्या बहुधा राळ भरून करतात. भिंगाखाली तो डाग मंद दिसतो. बिजागरीजवळ आणि कोपऱ्यांवर आधी बघा. मालकाच्या नावाचे जास्तीचे पैसे द्यायचे ते मालकी दाखवणारा कागद असेल तरच.

पहिल्यांदाच घेताय? मग कार्टिए. भिंग आणि शिक्के वाचायची सवय असेल तर फाबर्जे. भारतात घेत असाल तर 1972चा पुरावशेष कायदा आधी वाचा: 100 वर्षं पुरी झालेली कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि 1920च्या दशकातली कार्टिएही आता त्या उंबरठ्यावर आली आहे.