पोस्टपेड सोडताना: नंबर बंद करावा की पोर्ट?

बँकेचे ओटीपी, आधार, गॅस बुकिंग ज्या नंबरावर आहे, तो पोर्टच करावा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलावी. बंद केलेला नंबर निदान ९० दिवसांनी दुसऱ्या कोणाला मिळू शकतो, आणि हा धोका लोक फार हलका घेतात. पोर्टसाठी १९०० वर एसएमएस करून कोड घ्यायचा. मुदत उलटलेलं बिल बाकी असेल तर कोड मिळत नाही.

खरी मेख शेवटच्या बिलात. पोर्ट झाल्यावरही जुन्या कंपनीचं उरलेल्या दिवसांचं बिल येतं. ते थकलं तर ती कंपनी नव्या कंपनीकडून तुमचा नंबर बंद करवू शकते. म्हणून रक्कम चुकीची वाटली तर गप्प बसू नका. लगेच तक्रार करून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. पुढे ग्राहक आयोग आहेच, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मार्ग मोकळा असल्याचं स्पष्ट केलं.

बंद करताना वाद फक्त पैशांचा उरतो. ऑटो-पे आधी काढा, अर्जाची पोच घ्या, अनामत मागा. जादा, न वापरलेल्या सिमसाठी हेच बरं.