कोपाक्सा पतंगाची जात ओळखायची कशी: सूक्ष्मदर्शक की बारकोड?

अँडीजच्या पूर्व उतारावर, इक्वाडोर ते बोलिव्हिया, ढगांत बुडालेल्या जंगलांत कोपाक्सा हे मोठे पतंग राहतात. आपल्या भंडारा-गडचिरोलीच्या टसर पतंगाचे हे नातलग. पंखावर काचेसारखा पारदर्शक ठिपका इथेही असतो. रंगावरून जात सांगायला जाल तर फसाल. एकाच जातीतला एक नर पिवळा, दुसरा विटकरी!

जुना मार्ग असा: नराच्या पोटाचं टोक कापून 10 टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात टाकायचं. मांस विरघळतं, कायटिनचं (कीटकांच्या अंगावरच्या कडक पदार्थाचं) कवच उरतं. बारीक ब्रशने खवले झाडले की जननेंद्रियांचे पकडीसारखे भाग दिसतात. त्यांच्या आकारावरून जात ठरवतात. खर्च किरकोळ, संग्रहालयातला शंभर वर्षांचा नमुनाही चालतो. हात बसायला मात्र वेळ लागतो, आणि समोर अळी असेल तर काहीच उपयोग नाही.

डीएनए बारकोडला अळीही चालते. 2003 मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी ही पद्धत मांडली. पतंगाचा एक पाय पुरतो. मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग, त्यातल्या एका जनुकाची 658 डीएनए-अक्षरं वाचायची आणि त्यांच्या क्रमावरून जात ओळखायची. गोम अशी, की हे जनुक फक्त आईकडून येतं, त्यामुळे संकर लपून राहतो. शिवाय चार अक्षरं वेगळी दिसली की नवी जात जाहीर करायचा मोह! या पतंगांच्या कुळात त्यावरून वाद झालेत. निव्वळ बारकोडवर शिक्का मारायला मी तयार नाही.

नमुना एकच असेल तर पाय आधी काढून ठेवावा, कारण पोटॅशमध्ये डीएनए खराब होतो. काही प्रयोगशाळा पोटॅशऐवजी प्रोटिनेज, म्हणजे प्रथिनं विरघळवणारं विकर, वापरतात: द्रावणातून डीएनए मिळतो, कवचही शाबूत राहतं.