दीड दिवसात दीक्षा: खानापूर रस्त्यावरच्या एका शिबिराविषयी

दीक्षेचा अर्थ समजावून देणारे आणि शेवटी प्रत्यक्ष दीक्षा देणारे दीड दिवसाचे निवासी शिबिर गेल्या महिन्यात बेळगाव जिल्ह्यात खानापूर रस्त्यावरील एका शेतघरात झाले. शुल्क माणशी साडेतीन हजार रुपये होते. राहण्याची सोय स्वच्छ होती आणि ज्वारीची भाकरी व झुणका गरम मिळाला, त्यामुळे त्याविषयी तक्रार नाही.

पहिल्या दिवशीचे व्याख्यान मात्र शुल्क वसूल करणारे होते. वक्त्यांनी सुरुवात प्राचीन ग्रीसमधल्या, अथेन्सजवळच्या एल्युसिसपासून केली. डिमिटर आणि पर्सेफनी या मायलेकी देवतांच्या नावाने चालणाऱ्या तेथील गुप्त विधीसाठी लोक अथेन्सहून सुमारे २० किलोमीटर मिरवणुकीने चालत जात, उपवास करीत आणि तो जवाच्या पेयाने सोडीत. ग्रीक समजणाऱ्या स्त्रियांना आणि गुलामांनाही तेथे प्रवेश असे, खुन्याला मात्र नसे. आत काय पाहिले हे बाहेर सांगणाऱ्याला देहान्ताची शिक्षा होती. दीक्षिताला ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचे मूळ डोळे किंवा ओठ मिटण्याच्या क्रियेत सांगितले जाते, हे ऐकताच मागे बसलेले एक माळकरी आजोबा हलकेच म्हणाले, “म्हणजे पायी वारी, उपास आणि मौन, आमचंच की हे!” ते सर्वस्वी खरे नाही, कारण वारीत लपवण्यासारखे काही नसते, पण चालून आल्याखेरीज दार उघडत नाही, ही समजूत दोन्हीकडे आहे.

त्यानंतर वक्ते मराठी-कानडी असे सहज ये-जा करीत आपल्याच भागाकडे वळले. वीरशैवांच्या वेधा, मंत्र आणि क्रिया या तीन दीक्षा, म्हणजे मस्तकावर गुरूचा हात, कानात मंत्र आणि तळहातावर इष्टलिंग (अंगावर धारण करायचे छोटे शिवलिंग), त्यांनी नेमकेपणाने उलगडल्या. भोज गावच्या दिगंबर जैन आचार्य शांतिसागरांना १९२० मध्ये यरनाळ येथे मुनिदीक्षा मिळाली, पण त्याआधी ते ‘क्षुल्लक’ आणि ‘ऐलक’ या मुनिपदाआधीच्या पायऱ्यांवरून गेले होते, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. निपाणीकडच्या एका जैन बाईंनी केशलोचाचे, म्हणजे हाताने केस उपटण्याच्या विधीचे, जे वर्णन केले, ते ऐकताना सभागृहात खोकल्याचाही आवाज नव्हता.

एक गोष्ट मात्र खटकली. सौंदत्तीच्या यल्लम्माचा उल्लेख ‘प्राचीन मातृदेवतेची परंपरा’ एवढ्या गोड शब्दांत उरकण्यात आला. ज्या मुलींना कळायच्या आत गळ्यात मणी बांधून देवीला वाहिले जाई, त्यांच्या बाबतीत तो विधीही दीक्षाच म्हणवला जात होता आणि तो थांबवण्यासाठी कर्नाटकाला १९८२ मध्ये कायदा करावा लागला. बेळगाव जिल्ह्यात बसून दीक्षेवर बोलताना घेणाऱ्याच्या संमतीचा प्रश्न टाळणे मला अक्षम्य वाटते.

दुसऱ्या दिवशी आधुनिक पेगन पंथांची, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या युरोपीय उपासना नव्याने मांडणाऱ्या पंथांची, पाळी आली. इंग्लंडात जेराल्ड गार्डनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर विक्का पंथाला आकार दिला. त्यात दीक्षेच्या तीन पायऱ्या असून अनेक मंडळांत इच्छुकाला एक वर्ष आणि एक दिवस थांबावे लागते, असे वक्त्यांनीच सांगितले. आणि त्याच दुपारी जेवणानंतर, डोळ्यांना पट्टी बांधून, मनगटाला दोरा गुंडाळून, आम्हा बावीस जणांना पाऊण तासात दीक्षित करण्यात आले! पुढे काय पाळायचे, काय सोडायचे, चुकल्यास कोणाला विचारायचे, यातले काहीही सांगितले नाही. तुळशीची माळ गळ्यात घालणारा मांस-मद्य सोडतो, एकादशी धरतो, पंढरीची वाट धरतो, आणि पुढे त्याला रोज त्या माळेला जाब द्यावा लागतो. आमच्या दोऱ्याला कोणताच जाब नव्हता. आजोबा पट्टी न बांधता बाहेर पारावर हरिपाठ म्हणत बसले. निघताना आम्हाला मात्र लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र आणि कुंद्याचा डबा मिळाला. त्यातला कुंदा उत्तम होता.

आयोजकांची तळमळ खोटी नाही आणि वक्त्यांचा अभ्यास पक्का आहे, म्हणून पहिल्या दिवसापुरते जाता येत असेल तर अवश्य जावे. तेवढ्यापुरते शुल्क कमी घेतात का, हे मात्र आधी विचारून घ्यावे. मला नाही म्हणाले होते.