मेथिलीन ब्लूची निळी बाटली: बुरशीला उत्तम, इकला हीटरशिवाय अपुरी

मासा आजारी आहे म्हटलं की फिश टँकच्या दुकानदाराचा हात पहिला या बाटलीकडे जातो. शंभराच्या आत मिळते, वर्षभर पुरते, आणि लेबलवर रोगांची यादी चांगली लांब असते. त्या यादीवर जाऊ नका. अंगावर कापसासारखा पुंजका, म्हणजे बुरशी, किंवा अंड्यांना धरलेली बुरशी: इथे हे औषध पैसे वसूल करतं. खवले उभे राहून पोट फुगलं असेल तर काही उपयोग नाही. शेपटी कुजत असेल तर एकट्या याच्या भरवशावर राहू नये.

इकचं, म्हणजे अंगावर रवा भुरभुरल्यासारखे दिसणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांचं, प्रकरण मधलं आहे. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशकाकडे रात्री पाणी गार पडलं की हा हमखास डोकं वर काढतो. ठिपक्यातला परजीवी कातडीच्या आत असतो, तिथे औषध पोचत नाही. तो पिकून गळतो, तळाला चिकटतो आणि फुटून शेकडो पिल्लं पाण्यात सोडतो. औषधाच्या तावडीत सापडतात ती ही पोहणारी पिल्लंच. 24-25 अंशांना हा फेरा साधारण आठवडाभर चालतो, 30 अंशांना तीन-चार दिवसांत उरकतो. म्हणून हीटर हवाच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपके वाढलेले दिसले तरी डोस दुप्पट करू नका. ते आधीच कातडीत शिरलेले असतात.

(नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या काठावर विणीच्या काळात येणारे पांढरे दाणे हा रोग नव्हे. त्यावरही ही बाटली विकली जाते.)

मुख्य टाकीत हे औषध ओतायचं नाही. फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जीवाणू मरतात, झाडं करपतात आणि काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं होतं. 20 लिटरचा प्लास्टिकचा टब घ्या. त्यात एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा दगड), 50 वॅटचा हीटर आणि वेगळा थर्मामीटर, कारण हीटरवरचा आकडा दोन-तीन अंशांनी सहज खोटा निघतो. हीटर टबाच्या भिंतीला टेकू देऊ नका. तापमान दोन तासांना एक अंश या बेताने 30 पर्यंत न्या. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा हवा रात्रीही बंद नको. गोल्डफिशला 27-28 पुरे, त्याचे दिवस मात्र वाढतील.

मापातच सगळी गंमत आहे. द्रावण 1 टक्क्याचं असेल तर 10 लिटरला 2 मिली, म्हणजे लिटरला 2 मिलिग्रॅम. टबाला 4 मिली. थेंब मोजू नका, मेडिकलमधून सुई नसलेली सिरिंज आणा. आधी मगभर पाण्यात मिसळा; सरळ ओतलं तर शाईसारखी दाट रेघ खाली उतरते आणि नेमकी माशाच्या कल्ल्यांवर जाते. पाणी गडद निळं, पण मासा दिसेल इतकंच.

रोज हीटरचा प्लग काढून, पाच-दहा मिनिटं थांबून 10 लिटर पाणी तळापासून ओढून काढा. गळलेले परजीवीही त्यातच जातात. तेवढंच, त्याच तापमानाचं, अँटी-क्लोरीन घातलेलं पाणी आणि फक्त 2 मिली औषध घाला. इथे अनेक जण पूर्ण डोस टाकतात आणि चार दिवसांत मात्रा भलतीच चढते. टबात फिल्टर लावून त्यात कार्बन ठेवलात तर तो औषध शोषून घेईल. उजेडातही रंग उतरतो, टबावर कापड टाका. शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी तीन दिवस उपचार चालू ठेवायचा.

एक मासा उचलून टबात टाकला म्हणजे टाकी सुटली असं नाही. एकाच्या अंगावर इक दिसला की बाकीच्यांच्या कल्ल्यांत तो असतोच. सगळे मासे हलवा आणि रिकामी टाकी 28-30 अंशांवर आठवडाभर चालू ठेवा. मासा न मिळाल्यास पिल्लं दोनेक दिवसांत मरतात. मासे जास्त असतील तर बाटली विसरा. टाकीतच उष्णता आणि बिनआयोडीनचं खडे मीठ, लिटरला 2 ग्रॅम, विरघळवून दोन दिवसांत विभागून. कोरीडोरास किंवा लोच (तळाशी राहणारे, मिठाला नाजूक मासे) असतील तर मीठ निम्मंच.

घेताना लेबलवर टक्केवारी छापली आहे का बघा. नुसतं "गॅलनला इतके थेंब" लिहिलेली बाटली परत करा, त्यावर कुठलंही गणित बसत नाही. ड्रॉपरचं झाकण दुकानातच उलटं करून पाहा. बहुतेक गळतात, आणि फरशीच्या सांध्यातला निळा डाग घासून निघत नाही.